शब्दांची तलवार

विद्यार्थी मित्रांनो, 'चाचा' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? वडिलांचा भाऊ, होय ना? पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. समुद्रात जहाजे अडवून लूटमार करणाऱ्यालाही मराठीत चाचा म्हणतात. उर्दूत आपण त्याला बहरी कज़्ज़ाक म्हणतो. आज मी तुम्हांला अशाच चाच्यांच्या एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. हा खेळ मैदानावरचा नाही, संगणकावरचा आहे. त्यात तलवारीपेक्षा जीभ जास्त चालते.

2001 साली मी सातवीत शिकत होते. आम्ही मालेगावात राहत होतो. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते, त्यामुळे दिवसभर खटखट चालू असे. माझे थोरले भाऊ, भाईजान, संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात काम शिकत होते. टाकून दिलेले भाग जोडून त्यांनी घरी एक जुना संगणक उभा केला. दुकानातून मिळालेल्या काही फ्लॉपीही त्यांनी आणल्या. त्यांत एक खेळ होता, 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', म्हणजे माकडबेटाचे रहस्य.

अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या कंपनीने हा खेळ 1990 मध्ये काढला. रॉन गिल्बर्ट हे त्याचे मुख्य कर्ते. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे त्यांचे साथीदार होते. खेळाचा नायक गायब्रश थ्रीपवुड हा एक भोळा तरुण आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका काल्पनिक बेटावर तो येतो आणि म्हणतो, मला चाचा व्हायचे आहे. त्यासाठी त्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात. तलवार चालवणे, चोरी करणे आणि खजिना शोधणे.

या खेळात धावपळ नव्हती. पडद्याच्या वर चित्र असे आणि खाली इंग्रजी क्रियापदांची यादी असे. उघड, बंद कर, उचल, दे, बघ, बोल, ढकल, ओढ. आधी क्रियापद निवडायचे, मग वस्तू निवडायची, की वाक्य पूर्ण होई आणि नायक तसे करी. म्हणजे वाक्य बनवता आले तरच खेळ पुढे सरके! आम्ही इंग्रजी-उर्दू शब्दकोश मांडीवर घेऊन बसत असू.

त्या काळच्या अशा अनेक खेळांत नायक पावलोपावली मरत असे. गिल्बर्ट यांना हे पटत नव्हते. चूक झाली म्हणून खेळणाऱ्याला उगाच मारू नये, असे त्यांनी 1989 मध्ये एका लेखात लिहिले होते. म्हणून त्यांच्या खेळात चुकले तरी फारसे बिघडत नाही. गंमत अशी, की गायब्रश दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी बढाई मारतो. त्याला त्याहून जास्त वेळ पाण्याखाली ठेवले तर मात्र तो खरोखर बुडतो. आमच्याकडे वीज वारंवार जाई. त्यामुळे तो बुडण्यापूर्वी आमचा संगणकच बंद पडे!

आता तलवारीची परीक्षा ऐका. या खेळात तलवारीने लढताना दोघे एकमेकांना टोमणे मारतात. समोरच्याच्या टोमण्याला चपखल उत्तर दिले, तर तुमची सरशी होते. उत्तर सुचले नाही, तर तुम्ही मागे हटता. पण हरल्यावरही काहीतरी हाती लागते. ज्या टोमण्याने तुम्ही हरलात तो आता तुमचा झाला. तोच दुसऱ्या चाच्याला मारून बघायचा. त्याला उत्तर येत असेल तर तेही ऐकायला मिळते. म्हणजे जितके हराल तितके शिकाल. उर्दूतली हाज़िर-जवाबी ती हीच. मराठीत तिला हजरजबाबीपणा म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आम्ही एक वही केली. उजव्या पानावर टोमणा आणि डाव्या पानावर त्याचे उत्तर. इंग्रजी वाक्याखाली भाईजान उर्दूत अर्थ लिहीत. एक चाचा गायब्रशला म्हणे, की तू किती किळसवाणा आहेस हे सांगायला शब्दच नाहीत. त्यावरचे उत्तर मला फार आवडे. ते असे, की तसे ते आहेत, फक्त तू ते शिकला नाहीस.

माझी स्मरणशक्ती चांगली होती. आठ दिवसांत मी सारी वही तोंडपाठ केली. एकेका चाच्याला नमवत मी त्या बेटावरच्या सर्वांत मोठ्या तलवारबाजापर्यंत पोहोचले. ती कार्ला नावाची स्त्री होती. तिने पहिला टोमणा मारला आणि माझी बोलतीच बंद झाली. तो वहीत नव्हता. दुसराही नव्हता. मी तीन वेळा हरले आणि चिडून म्हणाले, "भाईजान, हा संगणक लबाडी करतो!"

भाईजान हसले. म्हणाले, "तू प्रश्न पाठ केलेस. आता उत्तरांचा अर्थ बघ."

मी वही पुन्हा उघडली. कार्लाचे म्हणणे होते, की आता कोणताही चतुर डाव तुझ्या कामी येणार नाही, कारण तसा डावच नाही. आणि डाव्या पानावर उत्तर तयार होते. तसे ते आहेत, फक्त तू ते शिकला नाहीस! प्रश्न नवे होते, पण उत्तरे जुनीच लागू पडत होती. मात्र त्यासाठी अर्थ कळायला हवा होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्यात वीज गेली.

तो डाव मी पुन्हा खेळू शकले नाही. त्याच महिन्यात अब्बा आजारी पडले आणि औषधपाण्यासाठी संगणक विकावा लागला. पुढे भाईजान नोकरीसाठी कुवेतला गेले. वही पेटीत राहिली.

बी.एड. करताना ती वही मला आठवली. माझा मराठीचा सराव पाठ होता. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून मी वर्गात म्हणून गेले, "तुमची पुस्तक उघडा." मागे बसलेले छात्राध्यापक हसले. पाठ संपल्यावर एकजण म्हणाला, "उर्दूवाल्यांना मराठी कशी जमणार?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी खाली मान घालून घरी आले आणि खूप रडले.

रात्री पेटीतून वही काढली. ते उत्तर पुन्हा वाचले. शब्द नव्हते असे नाही. मी ते शिकले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी नवी वही आणली. उजव्या पानावर माझी चूक, डाव्या पानावर बरोबर वाक्य. ते पुस्तक, तो वर्ग, ती शाळा. नुसते पाठ न करता प्रत्येक शब्द वेगवेगळ्या वाक्यांत वापरून पाहू लागले. पुढच्या पाठाच्या वेळी तोच छात्राध्यापक मागे बसला होता. पाठ झाल्यावर मीच त्याला म्हणाले, "मला मराठी जमत नाही असे नाही. अजून पुरती शिकायची आहे, इतकेच. माझ्या चुका लिहून ठेवा आणि मला द्या." तो ओशाळला. मग त्याने खरोखर चुका लिहून दिल्या. सात होत्या.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला कळले, की तो खेळ 2009 मध्येच नव्या रूपात पुन्हा निघाला आहे. इंटरनेटवरून मी तो पैसे देऊन विकत घेतला. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या फ्लॉपी नकल केलेल्या होत्या. मूळ खेळासोबत पुठ्ठ्याची एक चकती मिळे. ती फिरवून चाच्याच्या चेहऱ्यावरून एक साल शोधायचे आणि ते सांगितले तरच खेळ सुरू होई. आमच्या फ्लॉपीत ते कुलूप कुणीतरी आधीच फोडलेले होते. चाच्यांचा खेळ आम्ही चोरूनच खेळत होतो! ते देणे मी उशिरा का होईना, फेडले.

नव्या रूपातली चित्रे हाताने रंगवल्यासारखी रेखीव आहेत. पात्रे आता मोठ्याने बोलतात. अडलात तर खेळ सूचनाही देतो. पण सर्वांत नवल वाटले ते एका कळीचे. एफ-10 ही कळ दाबली, की नवे चित्र जाऊन जुने, ठोकळ्याठोकळ्यांचे चित्र येते. पुन्हा दाबली, की पुन्हा नवे. मी कितीतरी वेळ ती कळ दाबत बसले. रंग बदलत होते, चेहरे बदलत होते. वाक्ये मात्र तीच होती.

कार्लासमोर उभी राहिले तेव्हा मी जुने चित्र लावले. त्यात आवाज नसतो, सारे वाचावे लागते. मला तसेच हवे होते. या वेळी वही जवळ नव्हती, तरी मी जिंकले.

मी लगेच कुवेतला फोन लावला. सलाम करून भाईजानना म्हणाले, "तुम्ही किती वाईट आहात हे सांगायला शब्दच नाहीत."

क्षणभर शांतता पसरली. मग तिकडून उत्तर आले, "शब्द आहेत, बेटी. तू ते शिकली नाहीस." आम्ही दोघेही हसलो. मग भाईजान हळूच म्हणाले, "वीज गेली नाही ना आज?"

मित्रांनो, तुम्हीही मराठी बोलताना चुकाल. कोणी हसेलही. त्या वेळी एक वही काढा आणि उजव्या पानावर ती चूक लिहा. डावे पान मोकळे ठेवा. ते भरायला तुमच्या वर्गातले शिक्षक आहेत, आणि तुम्हांला हसलेला तो मित्रही आहे.