माघार

माघार या शब्दाला आपल्या मनात फारशी प्रतिष्ठा नाही. टाकलेले पाऊल मागे घेऊ नये, हे बाळकडू आपल्याला पाळण्यातच मिळते. लग्न ठरविताना, घर बांधताना, फार काय, शेजाऱ्याशी भांडतानासुद्धा आपण ते इमानाने पाळतो. ज्या शिवाजीमहाराजांच्या नावाने आपण छाती फुगवितो, त्यांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन वेळ निभावून नेली, हे मात्र आपण परीक्षेपुरते लक्षात ठेवतो!

माघारीचे मोल मला कळले ते २०२३ च्या जुलैत. मी नोकरीनिमित्त हैदराबादेत असतो. दादांच्या हृदयाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कोल्हापुरास व्हायची होती. वहिनींचा फोन आला, “भावजी, तोंडाने काही म्हणत नाहीत; पण सारखे दाराकडे बघताहेत.” एवढे ऐकल्यावर कोण थांबतो? दुपारच्या विमानाचे तिकीट काढले.

विमान पंख्यांचे, सत्तर-बाहत्तर माणसांचे. मागल्या दाराने चढायचे, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या. एसटीची सुधारून वाढविलेली आवृत्तीच म्हणा ना! शेजारी इचलकरंजीच्या एक आजी होत्या. पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि डोळे मिटून हात जोडले.

विमान धावू लागले. पंख्यांची घरघर चढत गेली, पाठ खुर्चीला टेकली, खिडकीतले गवत मागे पळू लागले. आता चाके सुटणार, तोच उजवीकडचा सूर बदलला. एखाद्या गवयाचा आवाज ऐन तानेत फाटावा तसा. विमानाने किंचित अंग मोडल्यासारखे केले आणि पुढच्याच क्षणी असा करकचून ब्रेक लागला की, आम्ही सारे पट्ट्यावर ओणवे झालो. थांबलो तेव्हा कोणी बोलेना. एक तान्हे मूल तेवढे रडत होते.

मग कॅप्टनचा आवाज आला. उजव्या इंजिनाचे आकडे ठीक दिसत नव्हते, म्हणून उड्डाण सोडून दिले आहे. आवाज इतका शांत, की जणू चहाला साखर कमी पडली आहे!

अग्निशामक गाड्या आल्या. चाकांचे ब्रेक तापले होते. ते निवेपर्यंत विमान हलवायचे नव्हते. तेवढ्यात माणसांना कंठ फुटला. मागचे एक व्यापारी गृहस्थ म्हणाले, “दुसरं इंजिन होतं की! दामटायचं होतं जरा.” आजींनी मान वळविली. “अवो, घाटात गाडी बंद पडली तर उतरून ढकलता येती. वर गेल्यावर तुम्ही उतरणार हाय का ढकलायला?” साऱ्या विमानात हशा पिकला. मी मात्र घड्याळाकडे पाहत होतो. माझ्या डोळ्यांपुढे दाराकडे पाहणारे दादा होते.

पुढे मी या विषयाचा थोडा पिच्छा पुरविला. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, वारा, उष्णता आणि धावपट्टीची लांबी पाहून एक वेग ठरविलेला असतो. त्याला म्हणतात ‘व्ही-वन’. तोवर काही बिघडले तर थांबता येते. तो ओलांडला की उडायचेच, मग एक इंजिन बंद पडले तरी. तसे एका इंजिनावर उडता यावे, अशीच विमानाची बांधणी असते. त्या वेगापर्यंत कॅप्टनचा हात इंजिनाच्या दांड्यांवर असतो. नंतर तो हात काढून घेतो. मोह नको म्हणून! आपल्या आयुष्यात असा वेग कोणी आधी मोजून दिला असता तर?

पण तो आकडा म्हणजे काही अभयपत्र नव्हे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंचे छोटे विमान इंजिनाच्या कुरबुरीमुळे दोनदा धावून थांबले. मंडळी उतरून पुन्हा चढली. तिसऱ्या खेपेला इंजिनांनी दगा दिला नाही. विमानाने ११७ नॉटचा तो निर्णायक वेग गाठलाही. पण धावपट्टीवरच्या बर्फाच्या चिखलात वेग उलट घटू लागला. आता थांबायला जागा उरली नव्हती. तेवीस माणसे गेली. कॅप्टन थेन यांच्यावर पंखांवरचे बर्फ न काढल्याचा ठपका आला. तो पुसायला १९६९ साल उजाडावे लागले. त्या रात्री मुक्काम केला असता तर काय बिघडले असते? पण दोनदा मागे फिरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा फिरणे किती जड जाते, हे सांगायला वैमानिकच कशाला हवा?

दुसरे विमान यायला पाच तास लागले. दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपली होती. वहिनींनी परिचारिकेची मनधरणी करून दोन मिनिटे मिळविली. दादांनी फक्त हात दाबला. तो मला जरा कढत लागला.

सकाळी साडेसातला डॉक्टर बाहेर आले. “रात्री ताप चढलाय. आज शस्त्रक्रिया नको. ताप कशाचा ते आधी पाहू.” पुतण्या उसळला. सारी तयारी झालेली, रक्त आणलेले, माणसे गावोगावहून जमलेली! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा करा. आम्ही थांबतो.”

अकराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दादा आता रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. चढ आला की थांबतात, आणि बरोबरीचे पुढे गेले तरी खुशाल जाऊ देतात.