वहीवरची नाव

आम्हा ताडकळसकरांना पाणी दोनच तऱ्हांचे ठाऊक आहे. एक, येता येत नाही ते. आणि दुसरे, आले म्हणजे थांबता थांबत नाही ते. आमच्याच तालुक्यात कंठेश्वराजवळ पूर्णा गोदावरीला मिळते, आणि पुढे ते सारे पाणी पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत जाते, असे मी दरवर्षी मुलांना भूगोलात शिकवतो. पण समुद्र म्हणाल तर मी स्वतः आयुष्यात दोनदाच पाहिला आहे. दोन्ही वेळा काठावरून, चपला हातात धरून.

अशा माणसाला बोटीची जाहिरात भेटावी, हा योगायोगच म्हटला पाहिजे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने गणिताच्या वहीला कव्हर घातले होते ते कुठल्याशा विलायती मासिकाच्या गुळगुळीत पानाचे. रद्दीवाल्याकडून असले जाड कागद आमची मुले आवडीने घेतात. पावसात भिजत नाहीत. वही तपासताना पाहतो तो पाठीमागे पांढऱ्या शिडाची एक नौका, आणि तिच्याखाली बारीक टाइपात भलीमोठी यादी. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. गणिते बाजूला ठेवली, शब्दकोश काढला आणि मधल्या सुट्टीत ती यादी लावीत बसलो.

अडतीस फुटांची शिडाची बोट, वापरलेली, विकणे आहे. नवराबायको तिच्यावर कित्येक वर्षे समुद्र हिंडत होती. काय काय होते म्हणता त्या बोटीत! वादळात लावायचे लहान जाड शीड वेगळे, नांगर दोन आणि साठ मीटर साखळी, वाऱ्याच्याच जोरावर सुकाणू धरून ठेवणारे यंत्र, म्हणजे रात्री माणसाने डोळा मिटला तरी चालेल, फुगवायचा जीवतराफा, सौर विजेच्या पाट्या, आणि बोट कितीही कलली तरी चहाचे आधण सांडू न देणारी झुलती शेगडी. ही शेगडी मी घरी सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी बोटीत पहिल्यांदा लक्ष घातले.

मला मात्र वेड लावले ते एका वेगळ्याच यंत्राने. समुद्राचे खारे पाणी जबर दाबाने एका बारीक पडद्यातून ढकलायचे. मीठ अलीकडे राहते, गोडे पाणी पलीकडे पाझरते. युक्ती तीच, जी आमच्याकडे घरोघर विकत येणाऱ्या जारच्या पाण्यामागे असते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, आणि ही दोन माणसे भर समुद्रात बसून आपले पाणी आपण गाळून पीत होती!

वापरलेली बोट म्हणून कोणी नाक मुरडू नये. लष्करातल्या आपल्या मंडळींनी १९८५ ते १९८७ या काळात ज्या ‘तृष्णा’वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही सदतीस फुटांची, इंग्लंडात घेतलेली जुनीच नौका होती. गोव्याची ‘म्हादेई’ तेवढी कोरी करकरीत. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती छपन्न फुटांची नौका तयार झाली, आणि दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून एकटे निघून, वाटेत चार बंदरे घेऊन, २०१० च्या मे महिन्यात परत आले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. म्हणजे त्यांच्या हाती पडली तेव्हा तीही जुनीच. ‘तारिणी’चे तसेच. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणी तिच्यावरून जग फिरल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच. हे सांगितले तेव्हा वर्गातल्या पोरींनी फळ्याकडे न पाहता एकमेकींकडे पाहिले.

जुनी बोट घ्यायची कशी, हेही मी खटपट करून वाचून काढले. बोट पाण्याबाहेर उचलतात आणि जाणकार माणूस हातोडीने तळ ठोकीत जातो. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतले थर सुटले म्हणून समजावे. आमच्या बायका कुंभाराकडे मडके घेताना दुसरे काय करतात? डोलकाठीला ताणणाऱ्या तारा कधी बदलल्या, शिडे उन्हाने किती कुजली, हे सारे विचारायचे. प्रामाणिक विकणारा ते आपणहून सांगतो. या जाहिरातीतही शेवटी लिहिले होते : मागची खिडकी मोठ्या पावसात ठिबकते. आणि त्याखाली, विकण्याचे कारण : वय.

तिथे मी थांबलो. असली एक यादी मी स्वतः लिहिली आहे.

२००५ साल असेल. मला नोकरी लागून दोन वर्षे झाली होती, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीबैल विकायला काढले. मी ओसरीवर वही घेऊन बसलो, ते सांगत गेले. बैलजोडी एक, सहादाती. गाडी सागवानी, धावा नव्या. तिफण, वखर, कोळपी दोन. जू, शिवळा, जोती, कासरे. झुली दोन, घुंगुरमाळा दोन. वंगणाचे नळकांडे. मी तेव्हा नुकताच लिहायला लागलो होतो. हात शिवशिवत होते. बैलांपुढे ‘पवनासारखे वेगवान’ असे काहीतरी लिहून मी वाचून दाखवले.

“ते खोड,” दादा म्हणाले. “डाव्या अंगाचा पाण्याला बुजतो, ते लिव आधी.”

“दादा, असं लिहिलं तर किंमत पडेल.”

“पडू दे. वढ्याला पाणी आल्यावर त्याला कळंलच की. तवा त्यो मला काय म्हनंल?”

मी लिहिले. मग ते जरा वेळ गप्प बसले. आणि म्हणाले, “इकायचं कारन लिव. हाकनारं घरात कुनी न्हाई.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. बाजारात लोक विचारतात, म्हणून उत्तर लिहून ठेवायचे, इतकेच. मी, त्यांचा एकुलता एक मुलगा, हातात लेखणी घेऊन समोर बसलो होतो, आणि शुद्धलेखन न चुकता ते वाक्य लिहिले. त्यानंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत शेतकरी रडवले, बैल मारले. पण ते वाक्य कुठेच घालता आले नाही.

घेणारा चार कोसांवरच्या गावचा निघाला. पाण्याला बुजणाऱ्या बैलापायी त्याने किंमत पाडली ती पाडलीच. गाडी गेली, आणि संध्याकाळी पाहतो तर वंगणाचे नळकांडे गोठ्याच्या आढ्याला तसेच लटकलेले. यादीत लिहिले होते, द्यायचे राहिले. दुसऱ्या दिवशी दादा ते खांद्याला अडकवून पायी निघाले. मी सायकलवरून नेऊन देतो म्हटले, तर नको म्हणाले. दिवे लागल्यावर परतले, पाय धुतले आणि जेवायला बसले. बैल कसे आहेत ते मी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्या विलायती म्हाताऱ्याने बोटीची किंमत काय मागितली होती, ते मला कळले नाही. आकडा नेमका कव्हराच्या घडीत, खळीखाली गेला होता. ओलसर फडक्याने ती कड सोडवता आली असती. मी नखाने जरा उचलूनही पाहिली.

“गुरुजी, फाटंल की ते!” ती पोरगी मेजाशी येऊन उभी होती. तिने आपल्या नावाची चिठ्ठी बरोबर शिडावर डकवली होती. “अन् माझी गणितं ऱ्हायलीत तपासायची.”

मी वही उलटली आणि गणिते तपासली. सातांपैकी पाच बरोबर होती.