दोन खाती

सांगानेरला कागद अजून हाताने बनतो. सुती चिंध्यांचा लगदा होतो, चाळणीवर एकेक ताव उचलला जातो आणि वाळत पडतो. लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा मला या कागदाचं फार अप्रूप वाटलं होतं. वडिलांकडे शेअरचे दाखले असेच जाड कागदाचे, फाइलीत जपून लावलेले असत.

१९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि तो कागद हळूहळू संगणकात गेला. १ एप्रिल २०१९ पासून तर कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. वडिलांनी त्याआधीच सगळे डीमॅट केले होते. नात पदवीधर झाली तेव्हा ते तिच्या खात्यात भेट म्हणून टाकले.

तीच नात, म्हणजे माझी लेक, नोकरीसाठी जर्मनीला गेली. पहिल्या महिन्यातच तिचा फोन आला, "आई, आजोबांच्या शेअरचं खातं आता असंच ठेवता येणार नाही."

शेजारपाजारचा सल्ला वेगळा होता : कळवायचं कशाला, कुणाला समजतंय? पण लेकीने नियम वाचले होते. परकीय चलनाच्या कायद्याने, म्हणजे फेमाने, नोकरीसाठी देश सोडला की माणूस अनिवासी होतो. आयकराचा कायदा मात्र वर्षातले दिवस मोजतो, तिथे १८२ हा आकडा महत्त्वाचा. म्हणजे ती एका कायद्यापुरती गेलेली होती आणि दुसऱ्यापुरती अजून इथलीच. बँकेचं बचत खातं एनआरओ झालं, शेअर अनिवासी डीमॅट खात्यात गेले. आता सकाळी घेऊन संध्याकाळी विकणं बंद, डिलिव्हरी घेऊनच व्यवहार. ती असले व्यवहार करतच नव्हती, तरी "बंद" हा शब्द मला लागला.

मग प्रश्न आला तिथल्या पगारातल्या बचतीचा. मला वाटलं होतं, मोबाइलवर सगळ्यात सोपं दिसेल ते ॲप ती निवडेल. तिने वहीत तीन प्रश्न लिहिले : कर कोण कापणार? शेअर कुणाच्या नावाने राहणार? दर महिन्याला थोडं थोडं घेतलं तर खर्च किती?

पहिल्या प्रश्नानेच यादी अर्धी झाली. तिथे भांडवली उत्पन्नावर २५ टक्के कर आणि त्यावर ५.५ टक्के अधिभार लागतो. एकट्या माणसाला वर्षाला १ हजार युरोपर्यंत सूट. जर्मन ब्रोकर हा कर स्वतः कापून भरतो. बाहेरच्या देशातल्या ब्रोकरकडे खातं असेल तर हिशेब आपण ठेवायचा आणि विवरणपत्रात आपणच दाखवायचा. दुसरं उत्तर दिलासा देणारं होतं : ब्रोकर बुडाला तरी शेअर ग्राहकाचेच राहतात आणि बँकेतल्या रोख रकमेला १ लाख युरोपर्यंत हमी असते. शेवटी तिने थोडं महाग, दिसायला जुनाट, पण तिथल्याच बँकेचं खातं घेतलं. अर्ज जर्मन भाषेत होता. शब्दकोश घेऊन तिने तो दोन रात्री वाचला.

"आजोबांचे विकून टाक ना, एकच खातं राहील," मी म्हटलं. जर्मनीला तिच्या जगभरच्या उत्पन्नाची नोंद द्यावी लागते, इथल्याही नफ्याची. दोन देशांत करार असल्याने एकाच नफ्यावर दोनदा पूर्ण कर बसत नाही, पण कागदपत्रं मात्र दुप्पट.

"नको. म्हातारपण कुठे काढायचं ते अजून ठरलं नाही, आई."

इतकी वर्षं सांगानेरात राहून मलाही ते नीट ठरवता आलेलं नाही. सांगलीच्या बँकेतलं माझं माहेरचं खातं अजून चालू आहे. त्यात फारसे पैसे नाहीत. ते का ठेवलंय असं घरात कुणी विचारत नाही. लेकीच्या दोन खात्यांचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा हिवाळ्यात तिच्याकडे पहाटेचे पावणेपाच झालेले असतात. भाव बघायला ती उठत नाही, मीही बघत नाही. अनिवासी खात्याच्या अर्जावर नॉमिनी म्हणून तिने माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "अगं, मी तुझ्याआधी जाणार." ती म्हणाली, "मग तेव्हा बदलू. तोवर पत्ता सांगानेरचाच असू दे."