पाच सेकंद

भाची सुट्टीवर आली की आमच्या इंदापूरच्या घरात विमानांशिवाय दुसरा विषय नसतो. ती बारामतीच्या धावपट्टीवर उडायला शिकली. त्या काळात शेतावरून एखादं छोटं विमान गुरगुरत गेलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम टाकून वर बघायचे आणि म्हणायचे, "आपलीच पोरगी असणार." दहातल्या नऊ वेळा ती नसायची. आता ती एअरबसवर को-पायलट आहे. अण्णा अजून वर बघतात. असो.

यावेळी जेवताना तिने टीकासचं सांगितलं. टीकास म्हणजे विमानातलं एक यंत्र. आसपासच्या विमानांना ते साधारण दर सेकंदाला "कोण आहेस, किती उंचीवर आहेस" असं विचारत राहतं. कोणी फारच जवळ येतंय असं दिसलं तर आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणून सावध करतं. तेवढ्याने भागलं नाही तर सरळ हुकूम: "क्लाइंब" नाहीतर "डिसेंड". दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून घेतात, एकाला वर म्हटलं की दुसऱ्याला खाली. हा हुकूम येतो तेव्हा टक्कर साधारण २५ सेकंदांवर असते. समोरासमोर असतील तर मध्ये उरलेलं १२ किलोमीटर अंतर तेवढ्यात संपतं. आमच्या एस.टी.ला त्याला वीस मिनिटं लागतात!

"आणि मामा, आपल्याला पाच सेकंदांत ऐकायचं असतं."

"खालच्या कंट्रोलरला विचारायचं नाही?"

"नाही. तो खाली या म्हणाला आणि टीकास वर म्हणाली, तर वरच जायचं. त्याला फक्त कळवायचं."

शहाण्या माणसाने समोर बोलणाऱ्या माणसाचं सोडून पेटीचं ऐकायचं, हे मला काही पटेना. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकून ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टीकास सक्तीची झाली. ती किती कामाची, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या आकाशात दिसलं. विस्ताराचं दिल्लीहून पुण्याला येणारं विमान आणि एअर इंडियाचं मुंबईहून भोपाळला निघालेलं विमान इतकी जवळ आली, की बातम्यांत मधलं उभं अंतर शंभर फुटांच्या आसपास सांगितलं गेलं. एअर इंडियाच्या कॅप्टन अनुपमा कोहली यांनी टीकासचा हुकूम ताबडतोब पाळला. दोन्हीकडची माणसं घरी पोचली. चूक कोणाची यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं, ते आपल्याला माहीतच आहे कसं असतं. (पुढे २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियातच विलीन झाली. तारीख पुन्हा १२ नोव्हेंबर.) पुण्याच्या त्या विमानात आपल्या भागातलंही कोणी असेल, बारामतीचं, दौंडचं, असं मला उगाच वाटत राहिलं.

मग तिने जर्मनीतलं सांगितलं. १ जुलै २००२ ची रात्र, यूबरलिंगन गाव. रशियन विमानात बरीचशी शाळकरी मुलं, स्पेनला सहलीला निघालेली. समोरून मालवाहू बोइंग. कंट्रोलर एकटाच ड्यूटीवर. तो रशियन पायलटला म्हणाला, खाली या. टीकास म्हणाली, वर जा. पायलटने माणसाचं ऐकलं. बोइंगच्या पायलटला त्याची टीकास खाली जा म्हणत होती, त्याने यंत्राचं ऐकलं. म्हणजे दोघेही खाली. ७१ माणसं गेली, त्यांत ५२ मुलं. दीड वर्षाने, २००४ मध्ये, बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका माणसाने त्या कंट्रोलरला त्याच्या घराच्या दारात गाठून मारलं.

इथे माझा घास हातातच राहिला. का, ते तिला ठाऊक नव्हतं. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९८३ साल. उसाचा हंगाम. अण्णा राजदूतवर, मी मागे, वय वर्षं नऊ. बारामतीहून परत येत होतो. लासुर्ण्याच्या अलीकडे समोरून कारखान्याला निघालेली उसाची बैलगाडी, आणि तिला ओलांडून एक मोटरसायकल थेट आमच्या बाजूला आली. अण्णांनी गाडी डावीकडे दाबायला घेतलेली मला आठवते. डावीकडे चारी होती. मला फक्त चारी दिसली आणि मी जीव खाऊन ओरडलो, "अण्णा, उजवीकडे!" अण्णांनी उजवीकडे घेतली. त्याच क्षणी समोरचा माणूसही शहाण्यासारखा आपल्या बाजूला, म्हणजे आमच्या उजवीकडेच परतला.

तो खरचटण्यावर निभावला. मला काहीच झालं नाही. अण्णांचा पाय मांडीत मोडला, दोन इंच आखूड झाला. तालमीत जाणं सुटलं, पाणी धरायला रात्री शेतात जाणं सुटलं, मग थोरल्या भावाची शाळा सुटली. कोणी विचारलं की अण्णा एकच सांगायचे, "माझीच चूक झाली, मी बाजू सोडली." मी जवळ बसून ऐकायचो.

भाची झोपल्यावर मी ओट्यावर गेलो. अण्णा पानाला चुना लावत बसले होते. वय ८६. मी सगळं सांगितलं, चारीसकट. मध्ये ते काही बोलले नाहीत. पान तोंडात टाकलं, मग म्हणाले,

"ओरडला होतास? मला कुठं ऐकू आलं? राजदूतचा आवाज केवढा असायचा."

मग थोड्या वेळाने, "पोरीला सकाळी किती वाजताची गाडी आहे?"

"साडेसहाची."

"मग झोप जा. तिला सोडायला तूच जा, आणि डाव्या बाजूने जा."