थोडक्यात वाचलो!

आमच्या धंद्यात बगची सेव्हरिटी ठरते ती किती बोंबाबोंब झाली त्यावर. विमानवाल्यांचे नियमही फार वेगळे नाहीत हो! इकाओच्या ॲनेक्स १३ मध्ये ‘अपघात’ आणि ‘गंभीर घटना’ अशा पायऱ्या आहेत, पण तिथेच म्हटलंय की दोन्हींत फरक फक्त परिणामाचा. म्हणजे कारण तेच, नशीब वेगळं.

१९७४ सालचं बघा. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर उतरताना युनायटेडचं एक विमान व्हर्जिनियातल्या डोंगराला धडकता धडकता वाचलं. उतरायच्या परवानगीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाहेर कुणाला कळलंच नाही. सहा आठवड्यांनी, १ डिसेंबरला, टीडब्ल्यूएचं फ्लाइट ५१४ तशाच गोंधळातून त्याच डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली.

मग १९७६ मध्ये अमेरिकेत एएसआरएस सुरू झाली. वैमानिकाने अनवधानाने झालेली चूक दहा दिवसांत कळवली, तर सहसा शिक्षा माफ. अपघात आणि गुन्हे अर्थात यातून वगळलेले. गंमत म्हणजे रिपोर्ट जातात नासाकडे, शिक्षा करणाऱ्या एफएएकडे नाही.

बरोबरच आहे. अप्रेझल ज्याच्या हातात, त्याच्याकडे जाऊन ‘थोडक्यात वाचलो’ असं कोण सांगेल? तुमच्या टीममध्ये कुणी सांगतं का?