दीड लॅपटॉपचं गणित

फ्लेमिंगो टिपायचे, लग्नं शूट करायची आणि मधेच बॅग उचलून लडाखला पळायचं... नवी मुंबईच्या फोटोग्राफर मंडळींना सध्या एकच प्रश्न छळतोय. लॅपटॉप एक पुरतो की दोन लागतात?

नवी मुंबईत दोन सीझन जोडीनेच सुरू होतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाचे मुहूर्त निघायला लागतात आणि त्याच सुमाराला, थोडं पुढेमागे, कच्छकडून फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत उतरतात. दोघांचाही धुमाकूळ साधारण मे अखेरपर्यंत. आणि गंमत म्हणजे दोघांचेही फोटो काढणारी जमात बऱ्याचदा एकच! शनिवारी रात्री वाशीच्या हॉलमध्ये वरमाला, रविवारी सकाळी सीवूड्सच्या चिखलाकडे तोंड करून ट्रायपॉड.

हा रविवार सकाळचा कट्टा बघायचा असेल तर नेरूळ किंवा सीवूड्सला उतरा आणि रिक्षावाल्याला फक्त 'चाणक्य' म्हणा. टीएस चाणक्य म्हणजे मर्चंट नेव्हीचं ट्रेनिंग देणारी संस्था. तिच्या मागच्या पाणथळीत भरतीच्या वेळी फ्लेमिंगो दाटीवाटीने उभे असतात. भरतीलाच का? तर एरवी ते खाडीतल्या उघड्या चिखलावर चरत असतात, पाणी चढलं की तो चिखल बुडतो आणि सगळी पलटण इकडे विश्रांतीला येते. ओहोटी लागली की पुन्हा ड्युटीवर. त्यामुळे इथे येताना घड्याळ नाही, भरतीचं कोष्टक बघायचं. सकाळची भरती मिळाली तर सोन्याहून पिवळं. ऊन आपल्या पाठीवर आणि समोर पश्चिमेला गुलाबी गालिचा. मागे सीवूड्सचे टॉवर्स. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा इथे आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं आणि भातशेती होती. तेव्हाच्या प्लॅनरांनी शहराच्या नकाशात बरंच काही आखलं, पण गुलाबी रंग काही त्यांच्या यादीत नव्हता!

तर या बांधावर गप्पा कशाच्या? पक्ष्यांच्या असतील असं वाटतं ना? पहिली दहा मिनिटं असतात. मग लेन्सवर येतात, आणि चहावाला सायकल घेऊन आला की थेट लॅपटॉपवर. इथे सरळ दोन पार्ट्या आहेत. 'एक'वाले आणि 'दोन'वाले.

दोनवाल्यांचं म्हणणं साधं आहे. घरी एक दणकट मशिन. मोठा स्क्रीन, भरपूर रॅम, वजन गेलं खड्ड्यात. प्रवासाला एक हलकं, स्वस्त, हरवलं तरी हार्ट अटॅक येणार नाही असं. एकवाले म्हणतात, दोन मशिन म्हणजे दोन अपडेट, दोन चार्जर आणि 'तो फोटो कुठल्या लॅपटॉपवर होता' हा आयुष्यभराचा शोध. एक रिटायर्ड काका तर परवा मला म्हणाले, "अगं, दोन डगरींवर पाय ठेवायचा आणि वर इएमआय भरायचा. सांगितलंय कोणी?"

मला हा वाद ऐकायला मजा यायची. पण माझी नेरूळची मैत्रीण त्यात अडकली तेव्हा तो मजेचा राहिला नाही.

ती ऐरोलीच्या आयटी पार्कातली नोकरी सोडून फुलटाइम फोटोग्राफीत आलेली. आईबाबांना अजून पूर्ण पटलेलं नाही. गेल्या डिसेंबरात, ऐन सीझनमध्ये, तिचा एकुलता एक लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पार्ट यायला दोन आठवडे. फोटो सगळे कार्डांवर सुरक्षित होते, प्रश्न तो नव्हताच. पण तीन लग्नांची डिलिव्हरी लटकली, डिलिव्हरी लटकली म्हणजे शेवटचा हप्ता लटकला, आणि हप्ता लटकला म्हणजे घरी संध्याकाळच्या चहाला "नोकरीत असं नसतं हो" हे वाक्य आलं. साठवलेले दोन लाख होते. त्यातून मोठी टेलिफोटो लेन्स घ्यायचं ठरलं होतं, पक्ष्यांसाठी. आता लेन्स की लॅपटॉप? आणि लॅपटॉप तर एक की दोन?

आधी जरा आकडे बघू, कारण हा वाद भावनांवर सुटत नाही. आजच्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल साधारण ५० एमबी. फ्लेमिंगोंचा थवा उडाला आणि तुम्ही सेकंदाला २० फ्रेमच्या वेगाने बटण दाबून धरलंत, तर एका सेकंदात एक जीबी. एका चांगल्या सकाळी तीन हजार फ्रेम सहज होतात, म्हणजे दीडशे जीबी. बेसिक लॅपटॉपमध्ये मुळात २५६ जीबीची डिस्क येते. दुसऱ्या रविवारी काय करायचं? म्हणजे तुमच्याकडे लॅपटॉप एक असो, दोन असोत की पाच, फोटो लॅपटॉपमध्ये राहणारच नाहीत. ते राहणार बाहेरच्या एसएसडीवर, जी आता व्हिजिटिंग कार्डाएवढी आणि साठेक ग्रॅमची मिळते. बांधावरच्या वादात हा मुद्दा कोणी काढत नाही. लॅपटॉप म्हणजे गोदाम ही समजूत जुनी झाली. तो आता फक्त टेबल आहे.

आणि टेबल किती भक्कम लागतं? इथे इतिहास थोडा मजेशीर आहे. २००७ मध्ये आसुसचा ईईई पीसी आला होता, सात इंची स्क्रीनचा. 'ट्रॅव्हल लॅपटॉप' म्हणून लोकांनी तो हौसेने घेतला, पण त्यावर फोटो एडिट करणं म्हणजे टाचणीने विहीर खोदणं. हलकं म्हणजे हळू, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलं आणि दोन लॅपटॉपचा फंडा त्यातूनच आला. तो तेव्हा बरोबरही होता. पण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अॅपलने एम वन चिप आणली, आणि पंखाही नसलेला सव्वा किलोचा एअर आरामात रॉ फाइली उघडायला लागला. विंडोजवालेही मग मागे राहिले नाहीत. आज दोन लॅपटॉप घेणारे बरेच जण खरं तर २०१२ सालच्या प्रश्नाचं उत्तर विकत घेतायत, असं माझं मत. बांधावर सांगितलं तर मारतील!

सॉफ्टवेअरनेही वाट मोकळी केलीये. २०१३ मध्ये लाइटरूम ५ बरोबर 'स्मार्ट प्रिव्ह्यू' आले. म्हणजे मूळ रॉ फाइल घरच्या डिस्कवर ठेवा, तिची २५६० पिक्सेलची हलकी प्रत सोबत न्या, ट्रेनमध्ये बसून त्यावर एडिट करा. घरी येऊन डिस्क जोडली की केलेलं काम मूळ फाइलवर आपोआप चढतं. पनवेलहून सीएसएमटीला जाताना बसायला जागा मिळाली तर अर्धी हळद सिलेक्ट होऊन जाते. जागा मिळाली तर, हं!

एका बाबतीत मात्र कंजुषी नको. स्क्रीन. लेसर फ्लेमिंगोचा गुलाबी रंग येतो त्याच्या खाण्यातून, खाडीतल्या नील-हरित शेवाळातल्या रंगद्रव्यांतून. स्वस्तातल्या लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं ना, त्या स्क्रीनवर हा गुलाबी धुतल्या साडीसारखा फिका दिसतो. मग आपण रंग वाढवतो, आणखी वाढवतो, आणि प्रिंट आल्यावर कळतं की पक्ष्याला रूह अफजाने आंघोळ घातलीये. नवरीच्या शालूचंही तेच. किमान शंभर टक्के एसआरजीबी दाखवणारा स्क्रीन बघा. वाशी स्टेशनजवळच्या रघुलीला मॉलमध्ये मोबाइल-कम्प्युटरच्या दुकानांची गर्दी आहे. तिथे आम्ही दोघी गेलो तेव्हा दुकानदार सारखा प्रोसेसरच सांगत होता. मैत्रिणीने पेनड्राइव्हमधून स्वतःचाच एक फोटो काढून शेजारी शेजारी चार स्क्रीनवर लावायला सांगितला. चार फ्लेमिंगो, चार रंग. दुकानदार म्हणाला, "ताई, असं आजपर्यंत कोणी बघितलं नाही." बघा, तुम्हीही करून बघा. फुकट आहे.

आता प्रवास. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर विमानं उडायला लागली. सहारची टॅक्सी आणि सायन-पनवेल हायवेचा ट्रॅफिक यांच्यातून सुटका म्हणून आमच्याकडचे लोक खूश आहेत. पण विमानात केबिन बॅगेला देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण सात किलोच. आता मोजा. रिकामी कॅमेरा बॅग दोन किलो, बॉडी पाऊण, २००-६०० ची लेन्स दोन किलोच्या वर, एखादी छोटी लेन्स. साडेपाच झाले. उरले दीड. त्यात सव्वा किलोचा लॅपटॉप आणि चार्जर जेमतेम बसतो, सव्वादोन किलोचं सोळा इंची धूड नाही बसत. लेन्स चेक-इनला टाकायला कोणाची छाती होत नाही, आणि स्पेअर बॅटऱ्या-पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत. म्हणजे प्रवासाच्या बाजूने निकाल वजनकाट्यावरच लागतो.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला बाहेरून येताना ड्युटी न भरता एक लॅपटॉप आणायची मुभा आहे. एक! स्वतःचेच दोन घेऊन गेलात तर बिलं जवळ ठेवा, किंवा जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परतीच्या रात्री दोन वाजता 'हा माझाच आहे हो' हे पटवत बसायला नको.

पावसाळ्याचं काय? चातुर्मासात मुहूर्त बहुतेक बंद, फ्लेमिंगोही गायब. लडाखचा सीझन नेमका तेव्हाच. म्हणजे फोटोग्राफरचं वर्ष सरळ दोन तुकड्यांचं आहे, आठ महिने घरचं काम आणि चार महिने भटकंती. दोन लॅपटॉप घेतले तर त्यातला एक कायम झोपलेला. तोही खाडीकाठच्या दमट हवेत, जिथे लेन्सला बुरशी धरते.

पण मग डिसेंबरसारखं झालं तर? एकवाल्यांकडे याचं उत्तर नाही. आणि हा प्रश्न फक्त लग्नाच्या हप्त्याचा नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सीवूड्सच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मरून पडायला लागले. तलावात खाडीचं पाणी येणंच बंद झालं होतं, तळ सुकला होता. रहिवाशांनी आणि पक्षीप्रेमींनी आरडाओरडा केला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो तलाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह करायला राज्य वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली. माझ्या मैत्रिणीकडे त्या तलावाचे सलग तीन वर्षांचे फोटो आहेत. तारखेसकट, रॉ. भरलेला, आटलेला, पुन्हा ओला झालेला. लग्नाचे फोटो एक वेळ नवरीच्या भावाच्या मोबाइलमध्ये तरी सापडतील. हे कुठे सापडणार?

म्हणून तिने शेवटी जे केलं त्याला आम्ही 'दीड लॅपटॉप' म्हणतो. दीडशहाणा असतो ना, तसा! नवा एकच घेतला, चौदा इंची, स्क्रीन पारखून, वजन दीड किलोच्या आसपास. जुना दुरुस्त होऊन आला होता. एक्स्चेंजमध्ये दुकानदार त्याचे बारा हजार देत होता. तिने नाही दिला. त्या बारा हजारांत दुसरं काय आलं असतं? तो आता घरी टेबलावर जुना मॉनिटर जोडून कायमचा बसलाय. त्यावर नवं काही इन्स्टॉल करायचं नाही, सिनेमे बघायचे नाहीत. त्याचं काम दोनच. डिस्कवरून डिस्कवर कॉपी, आणि नवा आजारी पडला तर डिलिव्हरी पुढे ढकलावी लागणार नाही एवढं एडिटिंग. लाइटरूमचा कॅटलॉग एसएसडीवरच ठेवलाय, त्यामुळे ती डिस्क ज्याला जोडाल तो लॅपटॉप 'मुख्य'. फक्त एका वेळी एकालाच जोडायची. ती भटकायला गेली की कॉपीचं काम आई करते. वायरवर लाल आणि हिरव्या टिकल्या चिकटवून दिल्यात. आई आता शेजारच्यांना सांगते, "मी बॅकअप घेतेय, नंतर या."

लेन्स? लांबणीवर पडली. दोन नवे लॅपटॉप घेतले असते तर पाच वर्षं लांबली असती, आता पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत जमेल असं ती म्हणते. तोवर विकेंडला भाड्याने आणते.

राहिली तिसरी प्रत. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आहे. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक घराबाहेर. क्लाउडवर टेराबाइट चढवायचं तर भाडं आणि वाय-फाय दोन्ही रडवतात, म्हणून तिने घराबाहेरची जागा शोधली ती कोपरखैरणेची मावशी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही एक हार्ड डिस्क घेऊन ट्रान्स हार्बरने जाते, पोहे खाते, आणि जुनी डिस्क बदलून येते. डिस्क मावशीच्या लोखंडी कपाटात असते, लग्नातल्या शालूखाली, सिलिका जेलच्या पुडीसकट. मागच्या महिन्यात मीही गेले होते. मावशीने चावी फिरवता फिरवता विचारलं, "एवढ्याशा डबीत काय काय आहे गं?"

"साठ लग्नं," ती म्हणाली, "आणि एक तलाव."