भरती द्यायची आहे का?

पोरगा दुकानात आला की डिझाइन बघायच्या आधी मी विचारतो, "भरती द्यायची आहे का?" लातूर-नांदेडकडे टॅटूचा धंदा करायचा तर हा प्रश्न टाळता येत नाही. पहाटे मैदानावर पळणारी पोरंच दुपारी दंडावर वाघ काढून मागतात. सैन्याला दंडावरचा वाघ चालत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू किंवा तळहाताची मागची बाजू, एवढीच जागा मोकळी. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. सीआरपीएफ, बीएसएफकडे नियम आणखी बारीक आहे. तिथे डावाच हात लागतो, कारण सलाम उजव्याने ठोकतात. आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी. सीआयएसएफने गोंदणामुळे नाकारलेल्या सोलापूरच्या एका तरुणाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला. पण प्रत्येकाला कोर्टाची पायरी परवडते थोडीच!

"भैय्या, मग लेझरनं निघतंय की," असं उत्तर येतं. निघतं, पण सगळं नाही. लेझर शाईचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने कितीतरी बैठका लागतात. काळा रंग बराच जातो, हिरवा-पिवळा हट्टी. पैसे नसलेली पोरं चुना लावून कातडी जाळून घेतात. मग गोंदण जातं आणि त्या जागी पांढरा वण राहतो.

आमच्या आज्यांना असलं काही कुणी विचारलंच नाही. पोरीला धरून बसवायचं, काजळीत बुडवलेल्या सुयांनी टोचायचं, वर हळद. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही त्यांची समजूत. माळेगावच्या जत्रेत, तांड्यावर, एसटीत मी म्हाताऱ्यांचे हात निरखत असतो. तुळस, फणी, विंचू. पन्नास वर्षांत काळ्याचं हिरवट-निळं झालं, कातडी सुरकुतली, तरी विंचू विंचूच दिसतो. कारण रेघ जाड आहे आणि दोन रेघांमध्ये कातडी मोकळी सोडली आहे. माझं खरं शिक्षण तिथं झालं. मोबाइलवर दाखवतात ती केसाएवढी बारीक, खेटून लिहिलेली अक्षरं दहा वर्षांत एकमेकांत मिसळतात. गिऱ्हाइकाला ती आजच्या फोटोत हवी असतात. मला ती त्याच्या चाळिशीत वाचता यायला हवीत. यावरून भांडणं होतात. गिऱ्हाईक पुष्कळदा समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे.

न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने १८९१ साली एडिसनच्या विजेच्या पेनावरून टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. तेव्हापासून वेग वाढला, कातडी मात्र तीच राहिली. शाई दुसऱ्या थरात, दीड-दोन मिलिमीटरवर बसली पाहिजे. वर राहिली तर खपलीबरोबर निघते, खोल गेली तर फुटते आणि रेघेभोवती निळी सावली पडते. मनगटाजवळची कातडी पातळ, तिथे हात हलका. त्यात आपलं ऊन! एप्रिल-मे महिन्यांत शेतात राबणाऱ्याचं मोठं काम मी घेत नाही. ताज्या जखमेवर घाम आणि धूळ बसली की ती चिघळते.

कान-नाक टोचायचं काम मी करतो, पण तान्ह्या बाळाला सोनाराकडे पाठवतो. सोनाराच्या टोचायच्या तारेला माझ्याकडे तोड नाही. जीभ दुभागण्यासारख्या गोष्टींना साफ नकार. ती शस्त्रक्रिया आहे, ती डॉक्टरांनी बघावी.

तुम्ही कुठेही गोंदवा, शाई नव्या वाटीत ओतलेली बघा. जत्रेतली एकच सुई दहा हातांवरून फिरते आणि तिच्यातून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं नाही तर खुर्चीवरून उठा, आगाऊ दिलेले पैसे गेले तरी चालतील.